बरं म्हणजे होय नव्हे

११ फेब्रुवारी

आक्का, माफ कर. वही तू वर्षाच्या पहिल्या दिवशी दिलीस आणि पहिली ओळ मी आज लिहितोय. उशिराला कारणं आहेत. आधी पेन सापडेना. सापडलं तर शाई वाळलेली. मग वाटलं, सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने एवढ्या गुळगुळीत कागदावर लिहायचं तरी काय. "रोज चार ओळी लिही धाकट्या," तू म्हणालीस, "तुझं डोकं हलकं होईल आणि माझं डोकं खायचं थांबशील." तर लिहितो. पण हे तुला दाखवणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आजच सुरुवात करायचं कारण म्हणजे आज मी समितीवर गेलो. नदीवरची बोट चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला नगरपालिकेने समिती नेमली आहे. नियमाप्रमाणे तीत प्रवाशांचा एक प्रतिनिधी लागतो. ऑफिसातला माणूस घरी आला आणि म्हणाला, "तुम्ही दर रविवारी पलीकडे बहिणीकडे जाता. आणि तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही." मला बरं वाटलं. ही भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तक्रार कशी असेल? यांनी जन्मात कुणाला नाही म्हटलंय का?" तिच्या तोंडून कौतुक क्वचितच येतं.

बोट बंद झाली तर पलीकडे जायला वरच्या पुलाचा वळसा. दोन बस बदलायच्या आणि अर्धा दिवस घालवायचा. आक्काच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही आणि माझ्या छातीला. तेव्हा ही बोट वाचवायची जबाबदारी आता माझ्यावर आली. रक्तदाब वाढणार, नक्की.

१४ फेब्रुवारी

पहिली बैठक झाली. खोलीत शिरताच खुर्च्या ओळखल्या. सगळ्या मीच भरलेल्या. आयुष्यभर मी खुर्च्यांना गाद्या भरल्या, त्यामुळे माणसाचं तोंड मागाहून बघतो, आधी बैठक बघतो. अध्यक्षांच्या खुर्चीत मी घोड्याचे केस घातले होते, बाकीच्यांच्या नशिबी काथ्या. आधीचे कितीतरी अध्यक्ष त्या केसांवर बसून गेले. गादी अजून ताठ आहे. बसणारे मात्र दर खेपेला जास्त मऊ येतात.

हे अध्यक्ष खुर्ची गोल फिरवतात. ज्याला उत्तर येत नाही तो खुर्ची फिरवतो, हे मी कुठल्याही दुकानात सांगेन. त्यांच्या उजव्या हाताला इंजिनियर बसतो. तो कडेवर टेकतो, पाठ टेकवत नाही. साहेबांचं वाक्य संपायच्या आत याचं "होय साहेब" हजर. एकदा साहेब नुसते शिंकले तर तो "होय साहेब" म्हणाला. असा होयबा मी पाहिला नाही. लाज वाटायला हवी, एवढं शिकून.

टेबलाच्या टोकाला सचिवबाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जे होईल ते लिहून घेतात. बाई बऱ्या वाटल्या.

साहेब म्हणाले, "काका, आपण अजून काहीच ठरवलेलं नाही. मोकळ्या मनाने बसलोय."

मी म्हटलं, "बरं."

१७ फेब्रुवारी, रविवार

पलीकडे जाऊन आलो. आक्काच्या घरमालकाला खोली परत हवी आहे. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं, एप्रिलअखेर सोडा म्हणतो. आक्काच्या नवऱ्याची पुतणी तिला न्यायला तयार आहे, पण ती राहते कुठे, तर एक रात्रभर रेल्वेत बसा आणि पुढे गाडी करा, तिथे.

आक्काने मला समोर बसवलं. "धाकट्या, तुझ्याकडे आतली खोली आहे. मला तुमच्यात यायचंय. पुतणी चांगली आहे, पण तिच्या घरी मी पाहुणी. तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मी रागावणार नाही. फक्त काय ते सांग."

आतल्या खोलीत माझं सामान आहे. स्प्रिंगा, काथ्या, कातड्याचे तुकडे, धंदा बंद केला तरी टाकवत नाही असं सगळं. आक्काचीच एक लाकडी खुर्ची आहे तिथे, बसायची जाळी फाटली म्हणून तिने दिली होती, तिला गादी करायची राहूनच गेली आहे. एकदम हो कसं म्हणणार? घरात दुसरी माणसं आहेत. मुलाला विचारायला हवं, तो परगावी असला म्हणून काय झालं. खोलीचं मोजमाप घ्यायला हवं. भिंतीला ओल आहे की काय ते पाहायला हवं.

मी म्हटलं, "बघू."

आक्का कपबशा उचलून आत गेली. तिला हल्ली ऐकू कमी येतं. नीट गेलं नसेल कानात.

२० फेब्रुवारी

खोलीचं माप घ्यायला गेलो. टेप सापडला नाही.

२८ फेब्रुवारी

दुसरी बैठक. मी आज दोन मुद्दे पाठ करून गेलो होतो. मुलं बोटीने शाळेला जातात, आणि पलीकडच्या बाया भाजी घेऊन येतात. दोन्ही बोललो. साहेब खुर्ची फिरवत म्हणाले, "फार महत्त्वाचं बोललात काका. बघू."

मला फार आनंद झाला. चहाच्या वेळी सचिवबाईंना म्हटलं, "साहेब विचार करणार बहुतेक."

बाई हसल्या. "काका, मी इथे नोकरीला लागल्यापासून साहेबलोकांची भाषा शिकलेय. 'बघू' म्हणजे नाही. 'बघूया' म्हणजे विसरलो. 'बघतो' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालतो. आणि 'नक्की बघतो' म्हटलं की समजायचं, कागद हरवला."

"मग हो कसं म्हणतात?"

"हो म्हणायची वेळच येऊ देत नाहीत. ठरून जातं."

मला हसू आवरेना. काय ही माणसं. घोड्याच्या केसांवर बसून धड नाहीसुद्धा म्हणता येत नाही. समोरचा आशेवर टांगून राहतो, त्याची झोप उडते, आणि हे आपले खुर्ची फिरवतायत. तोंडात जीभ आहे की चिंधी? माणसाने कसं सडेतोड असावं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ही पोळी लाटता लाटता थांबली.

"मग तुम्ही आक्कांना काय म्हणालात?"

"ते वेगळं," मी म्हटलं. "तो घरचा प्रश्न आहे."

"माझं काही म्हणणं नाही हो. आणा त्यांना. मला सोबत होईल. पण काय ते एकदा त्यांना सांगून टाका."

"समितीचं काम संपू दे. एका वेळी किती निर्णय घ्यायचे माणसाने?"

ही पुन्हा लाटायला लागली. पोळी पार पातळ झाली.

६ मार्च

आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं. साहेबांनी ठरवलं की समितीने बोटीची पाहणी करायची. सगळे बोटीत बसलो. साहेब पांढऱ्या बुटांत आले होते. मी मनात म्हटलं, हे बूट आज परत जात नाहीत.

अर्ध्या पाण्यात गेलो आणि वारा सुटला. काही विशेष नाही, पलीकडच्या बाया त्याहून मोठ्या वाऱ्यात झोपा काढतात. पण साहेबांचा चेहरा भोपळ्याच्या सालीसारखा झाला. इंजिनियर म्हणाला, "साहेब, हवा छान आहे," आणि तेवढ्यात साहेबांना उलटी झाली. बुटांवर. थोडी इंजिनियरच्या फाईलवर.

कुणी काही बोललं नसतं. पण हा बोटवाला. मिशा मोठ्या आणि जीभ त्याहून मोठी. तो सुकाणू न सोडता म्हणाला, "घाबरू नका साहेब. पहिल्यांदा बसणाऱ्याला होतं असं. आमच्या बकरीला पण झालं होतं."

भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सचिवबाईंनी चष्मा पुसायला काढला तो काठ येईपर्यंत लावलाच नाही. साहेब हसले नाहीत. उतरताना इंजिनियरला म्हणाले, "ही बोट सुरक्षित आहे असं तुला वाटतं?"

"होय साहेब," इंजिनियर म्हणाला. मग साहेबांच्या तोंडाकडे बघून, "म्हणजे नाही साहेब."

मला वाटतं, निर्णय तिथेच झाला. पोटात झाला. आता तो कागदावर यायला महिना लागेल, एवढंच. मोठी माणसं निर्णय कशी घेतात असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, आधी मळमळतं आणि मग कारणं गोळा करतात.

१० मार्च, रविवार

आक्काने पुन्हा विचारलं. मी बोटीतली गंमत सांगत होतो, ती हसली, डोळे पुसले, आणि हसता हसताच म्हणाली, "मग? माझं काय ठरलं?"

मी म्हटलं, "बघतो मुलाशी बोलून."

"तो काय म्हणणार आहे? तो तिथे राहतो का?"

"तसं नाही गं. पण विचारलेलं बरं."

"धाकट्या," ती म्हणाली, "लहानपणी आई विचारायची, आमटी वाढू का भाजी, तर तू ताट घेऊन बसून राहायचास. शेवटी दोन्ही संपायचं."

"तेव्हा तूच आपल्या ताटातलं द्यायचीस," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "तेच चुकलं."

काय चुकलं ते विचारायचं राहिलं. बोटीची वेळ झाली होती.

मुलाला फोन केला. "बाबा, खोली तुमची, आत्या तुमची, मला काय विचारता?" म्हणाला. आजकालच्या मुलांना जबाबदारी नको असते.

१४ मार्च

समितीने सल्लागार आणला आहे. केस चोपून बसवलेले, हातात लाल ठिपका पाडणारं पेन. भिंतीवर ठिपका इकडून तिकडे पळतो आणि सगळे त्याच्यामागे माना फिरवतात, मांजरासारखे.

बैठक सुरू व्हायच्या आधी मी बाहेर बाकावर बसलो होतो. म्हाताऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, भिंतीला टेकलेली छत्री समजतात. सल्लागार साहेबांना हळूच म्हणाला, "साहेब, बंद करायची आहे की चालू ठेवायची, तेवढं एकदा कळलं की मी अभ्यासाला लागतो."

साहेब म्हणाले, "तुम्ही तटस्थपणे बघा हो. फक्त सुरक्षिततेच्या बाजूने बघा."

"म्हणजे बंद," सल्लागार म्हणाला आणि टिपून घेतलं.

आत गेल्यावर हाच माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, की आपण कोरी पाटी घेऊन आलो आहोत. उठून बोलावं असं वाटलं, अगदी खुर्चीच्या कडेवर आलोसुद्धा. तेवढ्यात साहेब म्हणाले, "काका, पाणी हवंय का?"

मी म्हटलं, "बरं."

पाणी थंड होतं.

२४ मार्च, रविवार

आज आक्काने विषयच काढला नाही. बरं झालं. बहुधा मालकाने मुदत वाढवून दिली असावी, तिला सांगायचं राहिलं असेल. घर अगदी चकाचक आवरलंय तिने. भिंतीवरचे फोटो काढून पुसायला ठेवले होते. कपाट जवळजवळ रिकामं. म्हातारपणी माणसाला नीटनेटकेपणा सुचतो, मला नाही सुचला.

मला दोन चांगल्या उशा दिल्या, म्हणाली, "मला एवढ्या काय करायच्यात." हिच्यासाठी आपली लोकरीची शाल दिली. निघताना माझ्या गालावरून हात फिरवला, दाढी नीट करत जा म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी निर्णयाची बैठक आहे, बोट मी बंद होऊ देत नाही, तू बघच.

"तू?" ती म्हणाली. मग म्हणाली, "जा, बोट सुटेल."

उशांवर छान झोप लागते.

२७ मार्च

सचिवबाई बाजारात भेटल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, उद्या ठराव येणार. विरोध असेल तर आजच दोन ओळी लिहून द्या, मी कागदाला जोडते. नाहीतर बैठकीत तोंडाने म्हणा, 'माझा विरोध आहे.' तीनच शब्द. मी जसेच्या तसे लिहीन. प्रवाशांचा प्रतिनिधी नाही म्हणाला तर ठराव वर जातो, तिथे वर्षभर पडतो. बोट चालू राहते."

"एवढंच?"

"एवढंच. आज लिहून देताय?"

मी म्हटलं, "बघू."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चष्मा बदलायला झाला असेल.

लिहून दिलं असतं, पण माझं अक्षर वाईट. आणि तोंडाने म्हणणं जास्त भारी. आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिलं. माझा विरोध आहे. माझा विरोध आहे. ही बाहेरून म्हणाली, "कुणाला?" पहिल्यांदाच मला माझाच आवाज आवडला.

२८ मार्च

हिने दोनदा जेवायला हाक मारली. तरी लिहितो.

सल्लागाराचा अहवाल आला. जाड, चकचकीत. शेवटच्या पानावर बोट 'अव्यवहार्य' ठरली. पुलावरून बस सोडणार. साहेबांनी खुर्ची फिरवली नाही, स्थिर बसले होते, यावरूनच मी ओळखायला हवं होतं. इंजिनियर दोनदा होय म्हणाला.

मग साहेब माझ्याकडे वळले. आवाज अगदी घरच्यासारखा. "काका, तब्येत कशी आहे? चेहरा उतरलाय. औषधं वेळेवर घेता ना? तुमची काळजी आहे आम्हाला. म्हणूनच म्हणतो, या वयात हेलकावे खाणारी बोट कशाला? बस येईल, थेट, बसायला जागा. तुमच्या प्रवाशांची गैरसोय होणार नाही याची जबाबदारी माझी. ठीक?"

मला म्हणायचं होतं, बरं, पण माझा विरोध आहे. वाक्य तसंच जुळवलं होतं. समोरच्याने एवढी विचारपूस केल्यावर एकदम विरोध कसा तोंडावर फेकायचा? आधी एक शब्द मऊ टाकायचा, मग टणक. गादीचंही तसंच असतं.

मी म्हटलं, "बरं..."

"काका बरं म्हणाले," साहेब म्हणाले. "सर्वानुमते."

आणि उठले. खुर्च्या सरकल्या. माझं 'पण' तोंडातच राहिलं. सचिवबाई माझ्याकडे पेन उचलून बघत होत्या. वाट पाहत होत्या, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. मी त्यांना मान हलवून खूण केली, म्हणजे थांबा. त्यांनी मान खाली घालून लिहून टाकलं.

फसवणूक आहे ही, शुद्ध फसवणूक. माणसाच्या चांगुलपणाचा फायदा घेतात हे लोक. गोड बोलून गळा कापतात.

११ एप्रिल

आधीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. सचिवबाईंनी वाचलं. "प्रवासी प्रतिनिधींनी प्रस्तावास संमती दर्शविली."

मी आज उभा राहिलो. खरंच राहिलो. म्हटलं, "मी संमती दिली नाही."

साहेब म्हणाले, "तुम्ही बरं म्हणालात काका. सगळ्यांनी ऐकलं."

"बरं म्हणजे होय नव्हे."

"मग काय?"

"बरं म्हणजे... ऐकतोय. पुढे बोला."

सगळे हसले, सल्लागार सगळ्यात मोठ्याने, आणि त्याचा लाल ठिपका माझ्या सदऱ्यावर नाचला. साहेब मात्र समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "ऐकतोय असं लिहायला जागा नसते काका. होय असतं आणि नाही असतं. तुम्ही नाही म्हणालात का?"

नव्हतो म्हणालो. हे खरं आहे. पण काय हा प्रश्न? माणसाच्या मनात काय आहे ते दिसत नाही का यांना? बोट या महिन्याच्या शेवटच्या रविवारी शेवटची फेरी करणार.

बाहेर पडताना सचिवबाईंना म्हटलं, "तुम्ही तरी समजून घ्यायचं."

त्या म्हणाल्या, "काका, मी समजून लिहायला लागले तर साहेब रोज संतमहात्मे ठरतील. मी ऐकलेलं लिहिते."

१४ एप्रिल, रविवार

गेलो नाही पलीकडे. धक्क्यावर जाऊन परत फिरलो. बोटवाला लांबूनच ओरडला, "या या, बरंवाले आजोबा, तुमचीच बोट आहे. शेवटचे चार दिवस बसून घ्या." भाजीवाल्या बाया हसल्यासुद्धा नाहीत. ते जास्त लागलं.

आक्काला फोन लावला. तिला फोनवर ऐकू येत नाही, मी आपलं बोलत राहिलो, ती आपलं "कोण?" विचारत राहिली. ठेवला.

२१ एप्रिल, रविवार

आजही नाही. ऊन होतं. ही म्हणाली, "महिना संपत आला. आक्कांच्या मालकाचं काय झालं?" मी म्हटलं, मुदत वाढली असणार, तिने विषयच काढला नाही.

"विषय काढला नाही?" ही म्हणाली. "कधीपासून?"

"मार्चपासून. उशा दिल्या त्या दिवशी."

हिने शालीची घडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे बघितलं. "अहो," म्हणाली, "तुम्ही पुढच्या रविवारी जाच. बोटवाला काय खातो की काय तुम्हाला?"

२८ एप्रिल, रविवार

शेवटची बोट. गर्दी होती. बोटवाल्याने मला हात धरून आत घेतलं.

आक्काच्या दाराला कुलूप होतं. मालकाची माणसं भिंतीला रंग देत होती. शेजारीण बाहेर आली, आक्का तिच्याकडे वाटीभर साखर मागायला जायची ती. म्हणाली, "अहो, त्या गेल्या की. शुक्रवारी पुतणी येऊन घेऊन गेली. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, "आमचं ठरायचं होतं अजून."

"त्यांनी तर फेब्रुवारीतच पुतणीला कळवलं होतं. मी विचारलं, भावाकडे का नाही जात? तर हसल्या. म्हणाल्या, त्याने बघू म्हटलं. त्याला नाही म्हणायला जमत नाही हो, लहानपणापासून. मी मोठी आहे ना, मलाच ओळखायला हवं. त्याला कशाला अवघडवायचं?"

"रागावली होती?"

"छे. मागचे दोन रविवार मात्र धक्क्यावर जाऊन बसायच्या. तुम्ही उतरताय का बघायला."

पत्ता शेजारणीकडे नाही. पुतणी कळवते म्हणाली आहे. आक्काचा फोन बंद लागतो.

परत येताना बोटवाल्याने इंजिन जरा हळू ठेवलं. नदी तीच होती. मी सगळ्या वाटेवर अध्यक्षांना शिव्या देत होतो, मनात. पण शिव्या दर खेपेला अर्ध्यावर थांबत होत्या, का ते कळलं नाही.

२ मे

आक्का, दाखवणार नाही म्हणालो होतो, पण हे पान फाडून शेजारणीच्या पत्त्यावर टाकतोय. पुतणीचा पत्ता कळला की ती तुझ्याकडे पाठवेल. चष्मा लावून वाच, अक्षर वाईट आहे.

मी समितीत बरं म्हटलं, त्याचं त्यांनी होय केलं. तुला बघू म्हटलं, त्याचं तू नाही केलंस. ज्याने त्याने आपल्याला हवं ते ऐकलं. माझं म्हणणं काय होतं ते कुणी थांबून विचारलंच नाही, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "आक्कांनी दोनदा विचारलं." म्हणून मग आतल्या खोलीत गेलो.

खोली रिकामी केली आहे. स्प्रिंगा आणि काथ्या भंगारवाल्याला दिला, कातडं शेजारच्या चांभाराला. भिंतीला ओल नाही. तुझी खुर्चीही झाली. जाळी काढून गादी भरली, आतून घोड्याचे केस घातलेत, होते तेवढे सगळे. बसून पाहिली नाही, तुझी आहे. खिडकीशी ठेवली आहे. दोन्ही उशा पलंगावर आहेत.

पुलावरची बस अजून सुरू झालेली नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, बघतो. पण आता तू इकडे यायची म्हणजे रेल्वेनेच येणार, नदीचा प्रश्नच उरला नाही. स्टेशनवर न्यायला मी येतो.

आक्का, हो. हो म्हणतोय मी. ऐकू येत नसेल तर या कागदावर बघ, मोठ्या अक्षरात लिहिलंय, हो. तुझी रेल्वे कधी आहे ते लवकर कळव. नसेल यायचं, तर तसं तरी कळव. बघू म्हणू नकोस.